स्कीचे बूट एक नंबर मोठे घेऊन आत दोन मोजे घालू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून चौघं (तुम्ही दोघं, मुलगी 13 वर्षांची, मुलगा 9 वर्षांचा) नाताळच्या सुट्टीत चार दिवस गुलमर्गला जाताय, स्कीइंग कुणालाच येत नाही. इन्स्ट्रक्टर लावावा की व्हिडिओ बघून तुमच्या यजमानांनी सगळ्यांना शिकवलं तर चालेल, आणि खर्च किती येईल? शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, "दीर म्हणतात, बूट एक नंबर मोठे घ्या आणि आत दोन जाड मोजे घाला, म्हणजे थंडी वाजत नाही."

हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले. आमच्या घरी माझा मोठा भाऊ हेच सांगत आलाय. नवशिक्या माणसाची स्कीइंगची सहल डोंगरावर नंतर बिघडते. त्याआधीच ती भाड्याच्या दुकानात, बूट घेताना बिघडलेली असते.

आमच्या ताईच्या पायाचं माप 25. स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी, त्यामुळे बाटाचा 6 किंवा 7 नंबर तिथे सांगून काही उपयोग नसतो. दादाच्या सल्ल्यावरून तिने 26 चे बूट घेतले, आत लोकरीचे दोन मोजे. दुकानदाराने हरकत घेतली नाही. गिऱ्हाइकाला सैल बूट लगेच आवडतो, घट्ट बूट तो परत करतो. नर्सरी स्लोपवर, म्हणजे नवशिक्यांच्या सौम्य उतारावर, पहिला धडा स्नोप्लाव, म्हणजे मुलांच्या भाषेत पिझ्झा. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मध्ये मुठीएवढं अंतर ठेवायचं, आणि टाचा बाहेर ढकलून मागची टोकं फाकवायची. ताई टाचा ढकलत होती, पण पाय बुटातल्या बुटात फिरत होता. बूट जागेवर, म्हणून स्की सरळ, म्हणून वेग वाढत गेला आणि ती दर वेळी मागे बसत पडली. शिकवणारा ओरडून सांगत होता, "टाच बाहेर!" ती ते करतच होती.

दुपारपर्यंत नडग्या सोलवटल्या, अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. नख काळं पडलं म्हणजे बूट लहान होता, असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा उलट असतं. मोठ्या बुटात पाय उतारावर पुढे घसरतो आणि बोटं समोरच्या प्लॅस्टिकवर आपटत राहतात. पाय हलू नये म्हणून माणूस वरचे बकल आवळतो, त्याने नडगी दाबली जाते आणि पायाकडे जाणारं रक्त कमी होतं. दोन मोज्यांनी उरलीसुरली हवेची जागाही भरून जाते. ऊब धरून ठेवते ती हवा. घामाने मोजे ओले झाले की तासाभरात बोटं बधिर. म्हणजे थंडीसाठी केलेला हा उपायच थंडी वाजायचं कारण होतो.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातून 25 चे बूट, आत एकच पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा मोजा. जेवणाच्या वेळेपर्यंत ताई उतारावर आपली आपण थांबत होती. दादा आजही म्हणतो की तो दुसऱ्या दिवशीच्या सरावाचा परिणाम. सरावाने पाय बुटाशी जोडला जात नाही.

म्हणून हे निघण्याआधी घरीच करा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहा, टाच भिंतीला टेकवा, पूर्ण वजन त्या पायावर टाका आणि सर्वांत लांब बोटापर्यंत मापा. 24.7 आलं तर 24.5 किंवा 25. चौघांची मापं आणि खरी वजनं एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. दुकानात बुटाचं आतलं मऊ अस्तर उपसून काढायला सांगा, नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघा. एक-दीड बोट बरोबर, दोन बोटं शेवटची मर्यादा. मग अस्तर परत बसवून बूट घाला, टाच जमिनीवर आपटून मागे बसवा आणि घोट्यावरच्या बकलापासून सुरुवात करा. पावलावरची बकलं नुसती अडकवायची, वरची नडगीला बिलगतील इतपत. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की ती सुटली पाहिजेत आणि टाच उचलता कामा नये. थर्मलची कड, पँटचा पायचा, मोज्याची घडी, काहीही बुटाच्या आत नको. एका घडीने दिवस वाया जातो.

मुलांच्या बाबतीत आपण शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घेतो, तो नियम इथे अजिबात लावू नका. बूट चार दिवसांच्या भाड्याचे आहेत, मुलगा चार दिवसांत वाढत नाही.

बुटानंतर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. पडल्यावर ती सुटली पाहिजे, नाहीतर स्की लिव्हरसारखी गुडघा पिळते. तिच्यावर आकडा असतो. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतो. सत्तर किलोच्या नवशिक्या माणसाला साधारण 4-5 च्या आसपास, मुलांना त्याहून बराच कमी. गर्दीच्या दिवशी आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहून जातो. वजन सांगा आणि स्क्रू-ड्रायव्हर फिरलेला डोळ्यांनी बघा. वजन सांगताना लाजून पाच किलो कमी केलेत तर स्की उगाच सुटत राहील. मुलाचं वाढवून सांगितलंत तर सुटायला हवी तेव्हा सुटणार नाही, आणि ते जास्त वाईट. स्कीची उंची मोठ्यांना हनुवटी ते नाक, मुलांना छाती ते हनुवटी. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर. पोल म्हणजे हातातली काठी; तिचं माप घ्यायला पोल उलटा धरा, चकतीखाली मूठ, कोपर काटकोनात. मुलाला पहिले दोन दिवस पोल देऊच नका. हात मोकळे असले की तो समोर बघतो.

आता इन्स्ट्रक्टर. लावा. यजमान कितीही समजूतदार असोत, त्यांनी शिकवू नये. स्वतः पहिल्यांदा स्कीवर उभा राहिलेला माणूस खालच्या बाजूला उभं राहून दुसऱ्याला अडवू शकत नाही, आणि शिकवण्यातला अर्धा भाग तोच असतो. शिवाय नवऱ्याने केलेली सूचना आणि परक्याने केलेली सूचना यांत बायकोच्या कानाला फरक जाणवतो, मुलीच्या कानाला तर फारच. चौघांना एक इन्स्ट्रक्टर पुरत नाही. मुलाला एक वेगळा द्या, मुलगी तुमच्याबरोबर शिकेल. पर्यटन खात्याच्या नोंदणीचं कार्ड मागा, आणि तिन्ही दिवस तोच माणूस ठरवा. रोज नवा माणूस आला की रोज पहिला धडा.

तो नीट शिकवतोय का, हे तुम्हाला ओळखता येईल. पहिला अर्धा तास एकाच पायात स्की घालून सपाटीवर चालवेल. मग आडवं राहून पायरी-पायरीने चढणं आणि टोकं फाकवून बदकासारखं चढणं. मग पडणं आणि उठणं. पडायचं ते बाजूला, चढाच्या अंगाला, हात पुढे ठेवून. मागे बसत पडलात तर गुडघ्याचा अस्थिबंध जाऊ शकतो. उठताना दोन्ही स्की शरीराच्या खाली, उताराला आडव्या. चेंडू सोडला तर तो जिकडे घरंगळेल त्या रेषेला काटकोनात. स्की खाली तोंड करून असतील तर उठणं शक्यच नाही, उठता उठता त्या पळतात. स्की घालतानाही तसंच. आधी खालच्या बाजूची, मग वरची, आणि त्याआधी बुटाच्या तळाचा बर्फ पोलने खरवडून काढायचा. "पकड खराब आहे, बसतच नाही" ही तक्रार दहातल्या आठ वेळा त्या चिकटलेल्या बर्फाची असते.

वळण म्हणजे वजन. पिझ्झामध्ये डाव्या पायावर वजन टाकलं की उजवीकडे वळता, उजव्यावर टाकलं की डावीकडे. खांदे फिरवून काही होत नाही. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली हवी आणि नजर दहा-पंधरा पावलं पुढे. भीती वाटली की माणूस मागे झुकतो. मागे झुकलं की स्कीचा पुढचा भाग हलका होतो आणि मग ती वळतही नाही, थांबतही नाही. उताराला भिऊन उताराकडेच झुकायचं, हे शरीराला पटायला पहिला दिवस लागतो.

काही जण मुलाच्या स्कीची टोकं धरून उलटं चालत त्याला खाली आणतात. दहा मिनिटं ठीक. तासभर तेच चाललं तर मुलगा फक्त ओढला जातोय, त्याचे छान फोटो निघतील आणि संध्याकाळी तो थांबू शकणार नाही. पहिल्या दिवसअखेर आपली आपण थांबता आलं पाहिजे, एवढी एकच कसोटी लावा. ते जमेपर्यंत ड्रॅग लिफ्ट, म्हणजे स्कीवर उभ्या माणसाला उतारावरून वर ओढून नेणारी लिफ्ट, नको. लिफ्टवर बसायचं नसतं, उभं राहून ओढून घ्यायचं असतं. बसलात की पडता. पडलात तर लगेच सोडा आणि मार्गातून बाजूला लोळा, मागून पुढचा येतोय.

सकाळी दोन-अडीच तास, जेवण, मग फार तर एक तास. मांड्या थकल्या की गुडघे सरळ होतात आणि दुखापती त्याच वेळी होतात. "शेवटची एक फेरी" म्हणून मुलांना वर पाठवू नका. चार दिवसांत तीन दिवस स्कीसाठी ठेवा. पोहोचल्या दिवशी विश्रांती आणि भरपूर पाणी, गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे. गोंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, जरूर फिरून या, त्याचा दुसरा टप्पा (फेज टू) जवळजवळ 3,950 मीटरपर्यंत जातो, पण तिथे स्की घेऊन जाऊ नका. तिथला उतार तीव्र आणि हिमस्खलनाचा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे हिमस्खलनात एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. कोंगडोरीहून, म्हणजे गोंडोलाच्या मधल्या स्थानकाहून, जंगलातून खाली येणारी वाटही तुमच्यासाठी नाही, तिथे अरुंद जागेत वळता यावं लागतं. गावातला नर्सरी स्लोप तीन दिवस पुरून उरतो.

कपड्यांबद्दल एवढंच की सुती बनियन आणि जीन्स नको, लोकरीचे हातमोजे नको, पाणी न शोषणारे घ्या. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीसुद्धा. ताजा बर्फ अतिनील किरणांचा सुमारे 80 टक्के भाग परत फेकतो. ढगाळ दिवशीही गॉगल हवाच. रात्री बुटातली अस्तरं काढून खोलीत सुकवा, बुखारीला, म्हणजे खोलीतल्या शेगडीला, चिकटवून नव्हे.

खर्चाचा आकडा सांगत नाही, दर हंगामात बदलतो. मात्र ठरवताना एकेक गोष्ट वेगळी विचारा: भाड्यात बूट, स्की, पोल, हेल्मेट आहे का, इन्स्ट्रक्टर तासावर की दिवसावर, लिफ्टचं तिकीट कोणाचं. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आणि आधीच काढा. टंगमर्गहून वर शेवटचे 13 किलोमीटर बर्फात चेन लावलेली गाडी लागते, ते भाडं वेगळं. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं.

आणि हे खरं म्हणजे आधी लिहायला हवं होतं: नाताळात बर्फ असेलच असं नाही. चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, 21 डिसेंबरला सुरू होतात. नर्सरी स्लोपवर शिकण्याजोगा जाड थर बहुधा जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर मिळतो, आणि जानेवारी 2024 मध्ये तर जवळजवळ महिना कोरडा गेला होता. शाळेतून रजा मिळत असेल तर 26 जानेवारीला जोडून जा.

बुटाबद्दलही दोन अपवाद. पाऊल रुंद असेल तर लांबीत मोठा बूट न घेता त्याच मापाचा रुंद साचा मागा. पोटरी जाड असेल तर वरचं बकल पुढच्या खाचेत सरकवून घेता येतं. दिरांना मधुमेह असेल आणि तेही येणार असतील, तर त्यांनी दर तासाला बूट काढून पाय बघावेत, कारण दाब आणि गारठा त्यांना कळेलच असं नाही. आणि दोन मोज्यांचा आग्रह त्यांनी धरलाच, तर त्यांना दुकानात तो बूट घालून, बकल लावून, टाच उचलायला सांगा. आत टाच वर येताना तुमच्यासमोर त्यांनाच जाणवेल. आमच्या दादाला मी हे अजून करायला लावू शकलेले नाही, तो बूट घालून बघायलाच तयार होत नाही.