गेम लावला की पीसी बंद: कार्ड बदलण्याआधी

या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. साधं काम करताना पीसी ठणठणीत, पण ग्राफिक्स कार्डावर जोर पडला की बसतो. आणि जवळजवळ प्रत्येकाने शेवटी विचारलंय, ‘कार्ड बदलू का?’ जरा थांबा. कार्ड हा पीसीतला सगळ्यात खादाड माणूस. घरातली कुणाचीही कमजोरी त्याच्याच पंगतीला उघडी पडते.

प्र. आय-फाइव्ह १२४००एफ, आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा आतला डबा) ४५० वॅटचा, कॅबिनेटसोबतच आलेला. ६०० व्हीएचा यूपीएस आहे, मॉनिटरही त्यावरच. गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत खटकन बंद पडूलाय आणि आपोआप परत सुरू होतोय. निळा स्क्रीन नाही, काही नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं. दुकानदार म्हणतो, कार्ड गेलं. खरं काय, सर?
— विद्यार्थी, अनगोळ

कर्नल-पॉवर ४१ ही नोंद घाबरवते खरी, पण सांगत फारसं नाही. मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतं, एवढंच विंडोज पुन्हा उठल्यावर लिहून ठेवतं. त्या नोंदीच्या तपशिलात ‘बगचेककोड’, म्हणजे निळ्या स्क्रीनच्या चुकीचा क्रमांक, शून्य असेल, तर विंडोजला कारण लिहायलाही सवड मिळालेली नाही. निळा स्क्रीन नाही, आवाज अडकला नाही, थेट अंधार. अशा वेळी वीज तुटली असं धरून शोध सुरू करावा. आणि तो भिंतीपासून आत यावा, कार्डापासून बाहेर नव्हे.

भिंतीनंतर पहिला येतो यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. या वर्गातले बहुतेक यूपीएस ३६० वॅटच्या आसपास देतात. आता तुमचा हिशेब मांडा. ३०६० कार्डाची ठरलेली मर्यादा १७० वॅट. १२४००एफ प्रोसेसर पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत जातो, गेममध्ये त्याहून बराच कमी. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे चाळीस-पन्नास. एसएमपीएस स्वतः उष्णतेत घालवतो ते वेगळे, वर मॉनिटर. म्हणजे यूपीएस काठावर उभा आहे आणि त्याची बॅटरी जुनी असेल तर काठाच्याही पलीकडे. बंद पडण्याच्या क्षणी तो पीं करतो का, मॉनिटरचा दिवाही जातो का, ते बघा. पीसी आणि मॉनिटर एकदम गेले तर कार्डाला विनाकारण शिव्या खाव्या लागल्या. मग यूपीएस बाजूला काढून पीसी थेट भिंतीच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा आणि तासभर खेळा. फक्त वळवाचा पाऊस गडगडत असेल त्या संध्याकाळी हा प्रयोग नको.

तरीही बंद पडला, तर एसएमपीएस. त्याच्या बाजूच्या लेबलावर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असेल, त्याकडे दुर्लक्ष करा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघून १२ने गुणा, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही तिथूनच खातात. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसमध्ये हा गुणाकार तीनशेच्याही खाली येऊ शकतो. एनव्हिडिया ३०६०साठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, ते उगाच नव्हे. कार्डाची ओढ सरळ रेषेत नसते. काही मिलिसेकंदांपुरती ती सरासरीच्या कितीतरी वर उसळते आणि तेवढ्यात कमजोर एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. या उसळ्यांचा त्रास इतका वाढला, की २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसला पाहिजे अशी अटच घातली गेली.

पैसे खर्च करण्याआधी एक फुकटची चाचणी करा. आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्राममध्ये ‘पॉवर लिमिट’ ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम लावा. आता तासभर टिकला, तर दुखणं विजेचं किंवा उष्णतेचं. कार्डाची चिप मेलेली असण्याची शक्यता कमी. आणि एक गोष्ट कॅबिनेट उघडून आजच बघा: कार्डाला वीज मोलेक्सच्या (जुन्या डिस्कसाठीच्या चार पिनांच्या कनेक्टरच्या) कन्व्हर्टरमधून तर दिलेली नाही ना? आठ पिनचं कनेक्टर १५० वॅटसाठी असतं. मोलेक्सच्या बारीक वायरीवर तो भार टाकला की आधी प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग वास येतो.

एसएमपीएस घेताना ५५० किंवा ६५० वॅटचा, चांगल्या वॉरंटीचा घ्या. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का किती वीज वाया जात नाही ते सांगतो. आतला माल चांगला आहे असं तो म्हणत नाही.

प्र. आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे व्हिडिओ रेंडर करताना लाइट गेली की इनव्हर्टर लागतो, पण पीसी रीस्टार्ट होतो. नुसतं एडिटिंग करताना लाइट गेली तर काही होत नाही. पावसाळ्यात तर लाइट दिवसातून कितीदा जाते याला हिशेब नाही. बॅटरी नवीन आहे.
— स्टुडिओचालक, खानापूर

तुम्ही निदान अर्धं केलेलंच आहे. भिंतीची वीज गेली आणि इनव्हर्टरची अजून आली नाही, त्या मधल्या क्षणात पीसी एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरवर जगतो. पूर्ण भाराला हा साठा साधारण १६ मिलिसेकंद पुरतो. भार कमी असेल तर तोच साठा जास्त वेळ चालतो, म्हणून एडिटिंग करताना पीसी तरून जातो. रेंडर चालू असताना कार्ड आणि प्रोसेसर दोघंही ओढत असतात. साठा लवकर संपतो आणि तुमचं चार तासांचं काम जातं.

घरगुती इनव्हर्टरच्या मागे किंवा पुढे बहुधा एक बटण असतं: एकीकडे ‘यूपीएस’, दुसरीकडे ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. यूपीएसवर असताना बदल साधारण १० ते १५ मिलिसेकंदांत होतो, नॉर्मलवर तो ४०च्या घरात जाऊ शकतो. पंख्याला आणि ट्यूबलाइटला फरक कळत नाही, पीसीला कळतो. ते बटण यूपीएसकडे सरकवा. पण त्याची एक किंमत आहे. यूपीएसवर असताना इनव्हर्टर कमी व्होल्टेज खपवून घेत नाही. १८०च्या आसपास आलं की तो बॅटरीवर उडी मारतो. हेस्कॉमची लाइन तुमच्या गल्लीत संध्याकाळी खाली बसत असेल, तर बॅटरी दिवसभर चालू-बंद होत राहील. इलेक्ट्रिशियनकडून संध्याकाळी सात वाजताचं व्होल्टेज मोजून घ्या, आणि त्याच फेरीत न्यूट्रल आणि अर्थिंगमधलंही. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग बघा. तिथे पीसीचा काही दोष नाही.

इनव्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे भिंतीच्या विजेसारखी गुळगुळीत लहर न देणारा, असेल तर मात्र बटण सरकवून भागेलच असं नाही. हल्लीच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ हे वीज सुरळीत ओढणारं सर्किट असतं आणि काही एसएमपीएस अशा खडबडीत विजेवर भाराखाली कुरकुर करतात किंवा बंद पडतात. प्युअर साइन वेव्हचा इनव्हर्टर, किंवा पीसीपुरता वेगळा १००० व्हीएच्या वरचा यूपीएस, हाच कायमचा उपाय.

प्र. डाय आणि पॅटर्न डिझाइनचं काम आहे. मोठी असेंब्ली फिरवताना स्क्रीन दोन सेकंद काळा होतो, परत येतो, पण सॉफ्टवेअर बंद झालेलं असतं. विंडोज चालूच राहतं. ‘डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग’ असा संदेश येतो. रजिस्ट्रीमध्ये एक आकडा बदला म्हणून एकाने सांगितलंय, बदलू का?
— डिझायनर, उद्यमबाग

अनगोळच्या विद्यार्थ्याच्या आणि तुमच्या दुखण्याचा संबंध नाही. त्याची वीज तुटते. तुमची वीज शाबूत आहे, कार्ड उत्तर द्यायचं थांबतंय. कार्डाकडून दोन सेकंदांत जबाब आला नाही, की विंडोज ड्रायव्हरला मारून पुन्हा उभं करतं. ‘टीडीआर’ म्हणतात ती हीच व्यवस्था, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तिची नोंद ४१०१ या क्रमांकाने पडते. तुम्हाला सांगितलेला आकडा बहुधा ‘टीडीआर डिले’ असणार. तो दोनाचा दहा केला की विंडोज दहा सेकंद वाट बघेल. कार्डाला खरंच लांबलचक गणित करायचं असतं, तिथे याचा उपयोग आहे. मॉडेल फिरवताना कार्ड अडकत असेल, तर तुम्ही फक्त काळ्या स्क्रीनऐवजी गोठलेला स्क्रीन बघाल. आत्ता नका बदलू.

आधी ड्रायव्हर. ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे साधन सेफ मोडमध्ये चालवून जुना ड्रायव्हर मुळासकट काढा. त्या वेळी इंटरनेटची वायर काढून ठेवा, नाहीतर विंडोज मागच्या दाराने स्वतःचाच ड्रायव्हर घालतं. मग गेमवाल्यांचा ताजा ड्रायव्हर न घेता, तुमच्या कॅड सॉफ्टवेअरच्या कंपनीने प्रमाणित केलेली आवृत्ती घाला. कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक होऊन आलेलं कार्ड असेल तर आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉक ५० ते १०० मेगाहर्ट्झने उतरवून बघा. त्याने प्रश्न सुटला, तर कार्ड थकत चाललंय असं समजा आणि वॉरंटी बाकी असेल तर आत्ताच दावा करा.

पण पत्त्यावर उद्यमबाग, म्हणजे बेळगावची औद्योगिक वसाहत, वाचून मला जास्त काळजी वाटली ती धुळीची. फौंड्रीजवळच्या ऑफिसातली धूळ घरच्या धुळीसारखी मऊ नसते. तिच्यात वाळू असते आणि लोखंडाची बारीक पूड, जी वीज वाहते. कार्डाच्या मागच्या बाजूला किंवा स्लॉटमध्ये ती दमटपणासह चिकटली, तर कधी काय होईल याचा नेम नाही. एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम उघडून कार्डाचं तापमान आणि ‘हॉट स्पॉट’ (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) दोन्ही बघा. साधं तापमान ७५ आणि हॉट स्पॉट १०५ असेल, तर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. साफ करताना शॉपमधल्या कॉम्प्रेसरची नळी थेट मारू नका. तिच्यातून पाणी आणि तेलाचे थेंब येतात, आणि पंखा वाऱ्याने भन्नाट फिरून बेअरिंग जातं. पंख्याची पाती बोटाने धरायची, लहान ब्लोअर आणि मऊ ब्रश वापरायचा, कार्डाचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. कॅबिनेट जमिनीवर असेल तर टेबलावर घ्या. तेवढ्यानेही धूळ कमी होते.

प्र. शिवजयंतीच्या चित्ररथाच्या एलईडी वॉलसाठी ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेशन रेंडर करतो. सकाळी चालतं, दुपारी बंद पडतं. रात्री पुन्हा चालतं.
— शहापूर, बेळगाव

उष्णता. कॅबिनेटची बाजूची पाटी काढून, समोर टेबलफॅन लावून दुपारी एक रेंडर टाका. टिकला तर हवा खेळत नाही एवढंच दुखणं आहे. पीसी टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर तो बाहेर काढा. तीन रंगीत पंखे विकत घेण्यापेक्षा ते बरं.

प्र. आय-सेव्हन १३७००के, आरटीएक्स ४०७०. काही गेम सुरू होतानाच ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणून बंद पडतात. कार्डाला १२ जीबी मेमरी आहे! वॉरंटीत कार्ड बदलूनही मिळालं, तरी तेच. आता?
— गोकाक

आता कार्ड सोडून प्रोसेसरकडे बघा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले डेस्कटॉपचे बरेच मोठे प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होतात, हे कंपनीने २०२४ साली मान्य केलं. गेम सुरू होताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) बांधायचं आणि फाइली उलगडायचं काम प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर एकदम पडतं. तिथे एखादं गणित चुकतं आणि गेमला वाटतं, व्हिडिओ मेमरी संपली. संदेश कार्डाच्या नावाने येतो, चूक प्रोसेसरची असते.

खात्री करायला बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) किंवा इंटेलच्या एक्सटीयू या प्रोग्राममध्ये पी-कोअरचा, म्हणजे मोठ्या कोअरचा, वेग ठरवणारा गुणक ५३वरून ५०वर आणा. गेम निमूट सुरू झाला, तर दुसरा पुरावा नको. मदरबोर्डचं बायोस अद्ययावत करा. ऑगस्ट २०२४मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आले, त्यानंतरचं कुठलंही बायोस चालेल. बायोसमध्ये इंटेलची मूळ सेटिंग निवडा, बोर्डवाल्याची ‘जोरदार’ सेटिंग नको. पण झालेली झीज मायक्रोकोडने भरून येत नाही. इंटेलने या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, तेव्हा बिल शोधून ठेवा आणि प्रोसेसर बदलून मागा. बायोस अपडेट करताना लाइट गेली तर बोर्ड जाऊ शकतो, म्हणून ते काम यूपीएसवरच करा.

प्र. सेकंडहँड आरएक्स ५८० स्वस्तात घेतलं. डेस्कटॉप ठीक दिसतो, गेम लावला की रंगीत चौकोन उमटतात आणि पीसी गोठतो. यूट्यूबवर एकाने कार्ड ओव्हनमध्ये भाजून दुरुस्त केलंय.
— निपाणी

भाजू नका. घरच्या ओव्हनमध्ये त्याचा धूर होईल आणि कार्ड सुधारलं तरी चार दिवसांपुरतं.

रंगीत चौकोन म्हणजे बहुधा कार्डाची मेमरी. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं कार्डांवरचं मायनिंग थांबलं आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली. त्यांतल्या पुष्कळांच्या स्वतःच्या बायोसमध्ये मेमरीचा वेग ताणलेला असतो. कार्डाच्या कडेला बारीक स्विच असेल तर पीसी बंद करून तो दुसरीकडे सरकवा. कधी कधी तिथे मूळ बायोस जिवंत असतं. स्विच नसेल तर मेमरी क्लॉक दोनशे मेगाहर्ट्झने खाली आणून बघा. चौकोन गेले तर तसंच वापरा, नाही गेले तर मेमरीची चिप बदलण्याचा खर्च या कार्डाला परवडणारा नाही. जीपीयू-झी हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडून शेडरचा, म्हणजे चिपमधल्या चित्र रंगवणाऱ्या बारीक घटकांचा, आकडाही बघून घ्या. खऱ्या ५८०ला २३०४ असतात. २०४८ दिसले तर तुम्हाला धाकटा भाऊ मोठ्याच्या भावात विकलाय, आणि पैसे परत मागायला ते कारण चौकोनांपेक्षा सोपं आहे.