वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील फेडरल कंत्राटे

प्रश्न : मेरीलँडमध्ये आमची बारा जणांची सॉफ्टवेअर सेवा देणारी कंपनी आहे. गेल्या वर्षी आम्ही सॅम डॉट गव्ह या कंत्राटदारांच्या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर नोंदणी केली आणि वेगवेगळ्या फेडरल खात्यांच्या नऊ निविदा भरल्या. आमचे दर कमी असूनही एकही काम मिळाले नाही. आमचे कोठे चुकते?

उत्तर : रोजची कामे सांभाळून बारा जणांनी वर्षभरात नऊ निविदा भरल्या, हेच मला चिंतेचे वाटते, इतक्या घाईत एकही प्रस्ताव त्या त्या खात्याची गरज ओळखून लिहिला गेला नसावा. सेवांच्या पुष्कळ निविदांमध्ये तांत्रिक पद्धत, पूर्वीच्या कामाची नोंद आणि किंमत यांचा एकत्रित विचार होतो, आणि कोणत्या मुद्द्याला किती वजन आहे हे निविदेतच लिहिलेले असते. पारंपरिक मांडणीत हे निकष ‘सेक्शन एम’मध्ये, तर प्रस्ताव कसा सादर करावा याच्या सूचना ‘सेक्शन एल’मध्ये असतात. कामाच्या वर्णनाआधी हे दोन भाग वाचावेत आणि त्यांच्याच क्रमाने उत्तर लिहावे. पृष्ठसंख्येची मर्यादा ओलांडली किंवा मुदतीनंतर प्रस्ताव पोहोचला, तर त्याच्या गुणवत्तेचा विचार होण्याची वेळच सहसा येत नाही.

आपण ‘डीब्रीफिंग’ (निर्णयामागच्या कारणांची खात्याने दिलेली माहिती) मागितले होते का, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. वाटाघाटीच्या पद्धतीने दिलेल्या मोठ्या कंत्राटांत, निर्णय कळल्यापासून तीन दिवसांच्या आत लेखी मागणी केल्यास आपल्या प्रस्तावातील ठळक उणिवा खात्याला सांगाव्या लागतात. नऊ वेळा नकार मिळूनही त्याची कारणे हाती नसतील, तर कामे गेल्यापेक्षा ते नुकसान मोठे आहे.

यापुढे वर्षाला दोन किंवा तीनच निविदा निवडाव्यात, आणि निवड निविदा निघण्याआधी करावी. यूएसए-स्पेंडिंग या सरकारी संकेतस्थळावर कोणते काम सध्या कोणाकडे आहे, किती रकमेचे आहे आणि केव्हा संपणार आहे हे पाहता येते. काम संपत आले की खाते पुष्कळदा ‘सोर्सेस सॉट’ ही सूचना काढते, म्हणजे हे काम कोणत्या कंपन्या करू शकतील याची निविदेआधी चौकशी करते. लहान कंपन्या तिच्याकडे दुर्लक्ष करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. किमान दोन सक्षम लहान कंपन्या रास्त दरात निविदा भरतील अशी अपेक्षा असल्यास ते काम लहान उद्योगांसाठी राखून ठेवण्याचा नियम आहे, आणि ही अपेक्षा बांधताना अशा सूचनेला आलेली उत्तरे पाहिली जातात. म्हणजे तीन-चार पानांच्या नेमक्या उत्तरामुळे मोठ्या कंपन्या स्पर्धेतून मुळातच बाहेर राहू शकतात.

पूर्वीच्या कामाची नोंद नसलेल्या कंपनीला त्या मुद्द्यावर चांगले किंवा वाईट ठरवता येत नाही, असे नियम सांगतो. तरीही ज्याची नोंद उत्तम आहे तो पुढे जातोच. म्हणून सुरुवातीला एखाद्या मुख्य कंत्राटदाराच्या हाताखाली उपकंत्राट घेणे शहाणपणाचे ठरेल. आपल्या भागातील ‘एपेक्स ॲक्सिलरेटर’ या सल्ला केंद्राची मदत जरूर घ्यावी. तेथील बहुतेक मार्गदर्शन विनामूल्य असते. सॅमवरील नोंदणीही विनामूल्य असते, त्यामुळे ‘नूतनीकरण करून देतो’ म्हणत शुल्क मागणाऱ्या ईमेलना प्रतिसाद देऊ नये.

प्रश्न : व्हर्जिनियात आम्हाला एक वर्षाचे कंत्राट आणि पुढे चार ‘ऑप्शन’ वर्षे (सरकारला हवी असल्यास मुदतवाढीची) मिळाली आहेत. कार्यालयातील अधिकारी तोंडी जादा कामे सांगतात. संबंध बिघडू नयेत म्हणून आम्ही ती केली, परंतु आता त्यांचे पैसे नाकारले जात आहेत.

उत्तर : आपला हेतू चांगला होता, मात्र कंत्राटात बदल करण्याचा अधिकार फक्त ‘कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसर’ला, म्हणजे सरकारच्या वतीने कंत्राट करणाऱ्या अधिकाऱ्याला असतो. रोज भेटणारा तांत्रिक प्रतिनिधी कितीही ज्येष्ठ असला, तरी त्याच्या शब्दावर सरकार बांधले जात नाही. झालेल्या कामांची तारीखवार नोंद, कोणी काय सांगितले याचा तपशील आणि लागलेले तास एकत्र करून कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला आजच लेखी कळवावे; पैसे मिळतीलच असे नाही, परंतु विलंबाने बाजू आणखी दुबळी होते. पुढच्या वेळी नकार देण्याची गरज नाही. ‘हे काम करण्यास आम्ही तयार आहोत, परंतु ते कंत्राटाच्या कक्षेबाहेरचे दिसते; लेखी बदल मिळताच सुरुवात करू,’ एवढा ईमेल त्याच दिवशी पाठवावा, त्याची प्रत कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला द्यावी. असे पत्र संबंध बिघडवत नाही.

ऑप्शन वर्ष वापरायचे की नाही हा निर्णय पूर्णपणे सरकारचा असतो, आणि शासकीय सोयीसाठी कंत्राट मध्येच संपवण्याचा अधिकारही सरकार राखून ठेवते. आपल्या हाती राहते ती कामाची नोंद. ‘सीपार्स’ या प्रणालीत आपले मूल्यमापन आले की पहिल्या चौदा दिवसांत उत्तर द्यावे, कारण त्यानंतर ते इतर खात्यांच्या निवड अधिकाऱ्यांना दिसू लागते. एखादा शेरा अन्यायकारक वाटला, तर रागाने न लिहिता तारखा आणि कागदपत्रांच्या आधारे लिहावे. बिलांबाबत, १९८२ च्या ‘प्रॉम्प्ट पेमेंट’ कायद्यानुसार साधारणपणे ३० दिवसांत पैसे देणे अपेक्षित आहे आणि उशीर झाल्यास व्याज मिळते. मात्र हा कालावधी बिल सर्व बाबतींत बिनचूक असेल तरच सुरू होतो. सॅमवरील नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करावे.

प्रश्न : महिला उद्योजकांच्या सवलतीसाठी कंपनीतील ५१ टक्के हिस्सा पत्नीच्या नावे केला तर चालेल का? ती ग्रीन कार्डधारक आहे.

उत्तर : नाही. या योजनेत महिला मालक अमेरिकेची नागरिक असावी लागते; ग्रीन कार्ड पुरत नाही. शिवाय कागदावरील ५१ टक्के हिश्शाबरोबर दैनंदिन कारभार आणि दीर्घकालीन निर्णयही तिच्याच हाती असावे लागतात. चुकीची माहिती देऊन राखीव कंत्राट घेतल्यास ‘फॉल्स क्लेम्स’ कायद्याखाली नुकसानीच्या तिप्पट रक्कम व वर दंड भरावा लागू शकतो, आणि पुढील कंत्राटांवर बंदीही येऊ शकते. आपल्या पत्नीला नागरिकत्व मिळाल्यानंतर आणि कंपनी खरोखर त्याच चालवत असतील, तेव्हाच अर्ज करावा.