पालक विचारतात : दोन वर्षांच्या मुलांसाठी खेळाचा तास

प्रश्न : आम्ही डोंबिवलीतील एका सोसायटीत राहतो. माझी मुलगी वीस महिन्यांची आहे. मी घरूनच काम करते, पतींना घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात आणि सासू-सासरे गावी असतात. दिवसभर तिला माझ्याशिवाय कोणी नाही आणि मलाही तिच्याशिवाय कोणी नाही, असे झाले आहे. कामाच्या वेळी तिच्या हाती मोबाइल द्यावा लागतो, याची मनाला टोचणी लागते. सोसायटीत याच वयाची आठ-दहा मुले आहेत. त्यांच्यासाठी आठवड्यातून दोनदा एकत्र खेळण्याचा तास सुरू करावा असे वाटते. पण एवढी लहान मुले एकमेकांशी खेळत नाहीत, नुसती खेळणी हिसकावतात, असे शेजारच्या काकू म्हणतात. मग या तासाचा उपयोग होईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : उपयोग होईल, आणि सर्वांत आधी तो आपल्याला होईल. ‘मलाही तिच्याशिवाय कोणी नाही’ हे आपल्या पत्रातले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. चाळीच्या गॅलरीत किंवा वाड्याच्या चौकात मूल चार घरांच्या नजरेखाली वाढत असे. त्या व्यवस्थेत सुनेला मोकळेपणाने बोलायला जागा नव्हती हे खरे, पण अर्धा तास मूल सोपवायला हात होते. आज दार लावले की ते हातही बाहेर राहतात. म्हणून या तासाकडे केवळ मुलांचा उपक्रम म्हणून पाहू नका. रात्री किती वेळा उठावे लागते, मूल जेवत नाही तेव्हा काय करता, हे आयांनी सतरंजीवर बसून एकमेकींना विचारणे हा त्याचा निम्मा भाग आहे. कोणाचे मन दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तिने डॉक्टरांना भेटावे. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य बोलता येते.

काकूंचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. दोन वर्षांच्या आसपासची मुले शेजारी शेजारी बसून आपापले खेळतात. मिल्ड्रेड पार्टेन या अभ्यासक महिलेने १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत या समांतर खेळाचे वर्णन केले आहे. वरवर पाहता मुले एकमेकांकडे लक्ष देत नाहीत, पण एकाने वाटी पालथी घालून वाजवली की थोड्याच वेळात दुसरेही वाटी पालथी घालते. हे पाहणे आणि अनुकरण करणे हाच या वयातला सहवास आहे. हिसकावणे टाळायचे असेल तर ‘वाटून घे’ असे बजावण्यापेक्षा एकसारख्या तीन-चार वस्तू ठेवा. वाटून घेण्याची समज यायला अजून अवकाश आहे, आणि ती आली नाही म्हणून कोणत्याही मुलाला सर्वांसमोर रागावू नये.

जागा आणि वेळ बदलू नका. एक तास पुरे. प्रत्येक मुलाबरोबर त्याचे मोठे माणूस बसलेच पाहिजे, कारण हे पाळणाघर नाही, आणि हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलेले बरे. सुरुवात आणि शेवट ठरलेल्या बडबडगीताने करा, म्हणजे मुलांना घड्याळ न कळताही तास कळतो. मध्ये काहीही शिकवू नका. अक्षरे आणि रंगांची नावे पाठ करून घेण्याचा मोह कोणाला तरी होतोच, तो आवरावा लागेल. स्टीलच्या वाट्या, झाकणे, रिकामी खोकी, जुनी ओढणी, मळलेली कणीक आणि आपडी-थापडी एवढ्यावर महिनोन्‌महिने निघतात.

एका बाबतीत मात्र सैल राहू नका. चिंचोके, सागरगोटे, गोट्या, शेंगदाणे, फुटलेले फुगे या वयाच्या मुलांच्या हाती नकोत, कारण ते घशात अडकतात. बटणासारख्या चपट्या बॅटरीची खेळणी आणूच नका. गिळलेली बॅटरी दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. पाण्याचा खेळ ठेवल्यास परातीपाशी सतत कोणीतरी बसावे आणि खेळ संपताच पाणी ओतून टाकावे.

मोबाइलविषयी आपण स्वतःला दोष देत बसू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी. एकट्या आईला नोकरी सांभाळून हे जमवणे फार कठीण आहे. म्हणूनच तर हा तास हवा.

सोसायटीचा हॉल मिळेलच असे नाही. तारीख-वेळ लिहून समितीला अर्ज द्या, पण त्यासाठी थांबू नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा वस्तीतली मुले बालवाडीत येत नव्हती. म्हणून बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली गेली. पुढे त्याच तालुक्यातल्या कोसबाडला सहकारी अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी पाने, बिया, शिंपले, माती अशा परिसरातल्या वस्तूंतून शिक्षणाची साधने घडवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आपल्यालाही जिन्याखालची सावलीची, गाड्या न येणारी जागा चालेल. सतरंजी मात्र रखवालदाराच्या आणि घरकामाला येणाऱ्या ताईंच्या मुलांनाही पुरेल एवढी मोठी अंथरा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : नातवाला मी सांभाळतो. अशा गटात सगळ्या आयाच असतात, तिथे म्हाताऱ्या माणसाने जाऊन बसणे बरे दिसेल का?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : अवश्य जावे. संकोच दोन्ही बाजूंना असतो, म्हणून पहिल्या दिवशी एखादे काम अंगावर घ्या : सतरंजी घालणे, खोकी आणणे, शेवटी सर्व मोजून ठेवणे. स्तनपान करणाऱ्या आईला आडोसा मिळेल अशी बसण्याची रचना आपणच सुचवलीत, तर आयांनाही मोकळे वाटेल. नातवाला आपल्या मांडीजवळून उठून दुसऱ्या मुलांकडे जायला दोन-तीन आठवडे लागतील. तोवर त्याला ढकलू नये.

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे, पण ‘आई’, ‘पाणी’ एवढेच बोलतो. मुलगे उशिरा बोलतात, असे सगळे म्हणतात. इतर मुलांत नेले तर बोलू लागेल का?
— एक आई, नांदेड

उत्तर : इतर मुलांत जरूर न्या, पण त्यावर विसंबून थांबू नका. दोन वर्षांपर्यंत बहुतेक मुले दोन शब्द जोडून बोलतात. अडीच वर्षांच्या मुलाला एवढेच शब्द येत असतील, तर मुलगा असो की मुलगी, तपासणी आवश्यक आहे. पहिली तपासणी श्रवणाची करून घ्या. टाळी वाजवल्यावर मूल वळते, म्हणून त्याला सगळे ऐकू येते, असे धरून चालता येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येऊन मुलांची विनामूल्य तपासणी करते आणि गरज असल्यास पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. पथक येण्याची वाट न पाहता अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना याच आठवड्यात भेटा, आणि मूल किती शब्द बोलते, हाक मारल्यावर बघते का, बोट दाखवून मागते का, हे कागदावर लिहून सोबत न्या.