गोरेमेची लाल नक्षी आणि तोकालीचा निळा

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. तुर्कस्तानातील कप्पाडोकिया भागात, गोरेमेच्या कोरीव चर्चमध्ये दिसणारी साधी लाल नक्षी प्रतिमाभंजनाच्या, म्हणजे धार्मिक प्रतिमांना मनाई असण्याच्या, काळातली आहे, हे वाटाड्याचे म्हणणे बरोबर आहे का; आणि तिथल्या चित्रांना अजिंठ्याप्रमाणे ‘फ्रेस्को’ म्हणावे का.

वाटाड्याची कथा सुटसुटीत आहे. बायझंटाइन साम्राज्यात आठव्या-नवव्या शतकांत, मधली काही वर्षे वगळता थेट ८४३ पर्यंत, संतांच्या प्रतिमांना मनाई होती. म्हणून तेव्हा नुसते क्रूस आणि भौमितिक आकृत्या काढल्या गेल्या आणि मनाई उठल्यावर त्यांवर रंगीत चित्रे आली, असे ती सांगते. एल्माली, म्हणजे सफरचंदाच्या नावाचे चर्च नीट पाहिले, तर ही कथा तिथेच अडखळते. गिलावा निखळला आहे तिथे खालच्या खडकावर लाल नक्षी दिसते, त्यामुळे ती चित्रांच्या आधीची आहे यात शंका नाही. परंतु चार खांब, मधोमध घुमट आणि क्रूसाच्या आकाराची मांडणी ही त्या चर्चची घडणच प्रतिमाभंजनानंतर रूढ झालेली आहे आणि अभ्यासक ते अकराव्या शतकातले मानतात. भिंतच जर अकराव्या शतकात कोरली गेली, तर तिच्यावरची रेघ आठव्या शतकातली कशी असेल? कोरीव काम होताच थेट खडकावर काढलेली ती पहिली सजावट होय. गिलावा आणि चित्रकार नंतर आले. शेजारच्या संत बार्बराच्या चर्चमध्ये ही दुसरी पायरी फार थोड्या जागी गाठली गेली, म्हणून तिथे लाल रंग इतका उठून दिसतो. त्या चर्चमध्ये खडकावर चिऱ्यांचे सांधे भासावेत अशा रेघाही ओढल्या आहेत. भाजे-कार्ल्याच्या चैत्यगृहांत कसलाही भार न पेलणाऱ्या लाकडी फासळ्या छताला बसवलेल्या आपण पाहतो; कोरणाऱ्याला बांधलेल्या इमारतीची आठवण सुटत नाही, ही खोड दोन्हीकडची सारखीच आहे.

आता फ्रेस्कोविषयी. काटेकोर अर्थाने फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावर रंग लावणे, ज्यात चुना वाळताना रंग त्यातच बांधला जातो. अजिंठ्याची चित्रे तशी नाहीत. तिथे भुसा आणि तंतू मिसळलेल्या मातीच्या वाळलेल्या लेपावर डिंकासारखे बंधक वापरून रंग लावले आहेत. गोरेमेतही बरेचसे काम कोरड्या गिलाव्यावरचे आहे, त्यामुळे ‘भित्तिचित्र’ हाच शब्द दोन्हीकडे निर्धास्तपणे वापरावा, असे माझे मत आहे.

गोरेमे आणि अजिंठा यांमधला खरा दुवा मला रंगात दिसतो. गोरेमेतल्याच तोकाली चर्चचे दोन भाग आहेत: दहाव्या शतकाच्या सुरुवातीचे जुने चर्च, ज्याच्या कमानदार छतावर ख्रिस्तचरित्राचे प्रसंग पट्ट्यापट्ट्यांनी मांडले आहेत, आणि त्याच शतकात त्याच्या मागची भिंत फोडून कोरलेले नवे, बरेच मोठे चर्च, यामुळे जुने आता देवडीसारखे वाटते. नव्या चर्चच्या चित्रांची पार्श्वभूमी लाजवर्द या निळ्या दगडापासून केलेल्या गर्द निळ्याने भरली आहे. हा दगड त्या काळी अफगाणिस्तानातील बदख्शानहून येई, आणि त्याच डोंगरांतला निळा पाचव्या शतकात अजिंठ्यापर्यंत पोहोचला होता. इतका महाग रंग संपूर्ण भिंतींवर वापरणारा आश्रयदाता साधा मठवासी नसावा, एवढे अनुमान करायला हरकत नाही.

वेळ कमी असेल तर कारानलिक, म्हणजे अंधाऱ्या चर्चचे वेगळे तिकीट मात्र टाळू नका. तिथे उजेड अगदी थोडा येतो आणि त्यामुळेच रंग फिके पडलेले नाहीत. मधल्या काळात त्याचा कबुतरखाना झाला होता; त्या भागात द्राक्षमळ्यांना खत म्हणून कबुतरांची विष्ठा साठवली जाई, आणि चित्रांवर साचलेला तिचा थर काढण्यात जीर्णोद्धारकांची कित्येक वर्षे गेली. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटे थांबा, मग घुमटातला ख्रिस्त दिसू लागतो.