शांततेत नोकरी असते का?

औसा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. स्वतः एसटीत वाहक, घरी चार एकर कोरडवाहू. मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला 'पीस स्टडीज'मध्ये, म्हणजे शांतता-अभ्यासात, एम.ए. करून संयुक्त राष्ट्रांत काम करायचंय. एका एजंटनं इंग्लंडमधला वर्षाचा कोर्स सुचवलाय, खर्च तीस लाखांच्या आसपास. 'दोन एकर तारण ठेवायला तयार आहे,' असं लिहून त्यांनी दोन प्रश्न विचारलेत: शांततेत नोकरी असते का? आणि पोरगी राजकारणात तर पडणार नाही ना?

स.न.वि.वि.

आधी जमिनीचं. ती तारण ठेवू नका. का, ते पुढे सांगते.

तुमचा पहिला प्रश्न मोठमोठ्या पदव्या घेतलेली मुलं विचारत नाहीत, म्हणून मला तो आवडला. 'शांतता पाहिजे' अशी जाहिरात पेपरात येत नाही. काम असतं, पण ते भलत्याच नावानं असतं.

कोलंबियाचं बघा. दक्षिण अमेरिकेतल्या या देशात 'फार्क' नावाची बंडखोर संघटना आणि सरकार यांच्यात पन्नास वर्षांहून जास्त लढाई चालली. नोव्हेंबर 2016 मध्ये करार झाला. त्याचा पहिला भाग बंदुकांचा नाही, जमिनीचा आहे. भूमिहीनांना आणि अल्पभूधारकांना देण्यासाठी 30 लाख हेक्टर, कागदपत्रं नीट करायला 70 लाख हेक्टर, आणि देशभरात जमिनीची नव्यानं नोंदणी. म्हणजे आपल्या भाषेत मोजणी, फेरफार आणि सातबारा! लाखो कुटुंबं जीव वाचवायला गाव सोडून पळाली होती, मागे जमीन कुणी तरी दाबली आणि पुष्कळांकडे धड कागदच नव्हता. बांधावरून सख्ख्या भावांची डोकी फुटतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं. तिथे अख्ख्या देशाचा बांध सरकला होता. करारानंतर वाटपाचं काम रखडत गेलं आणि काही गटांनी पुन्हा शस्त्रं हातात घेतली. अशा गावात जाणाऱ्या माणसाला नुसते संघर्षाचे सिद्धांत पाठ असून भागत नाही. त्याला नकाशा वाचता यावा लागतो, नोंदवही तपासता यावी लागते आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एका सतरंजीवर बसवता यावं लागतं.

नेपाळमध्येही तेच. माओवादी बंडखोर आणि सरकार यांच्यातलं दहा वर्षांचं युद्ध 2006 मध्ये संपलं. छावण्यांत नोंदवलेल्या 19 हजारांवर माओवादी लढवय्यांपैकी सैन्यात गेले जेमतेम चौदाशे. बहुतेकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेतले आणि घरचा रस्ता धरला. ज्या गावात काल बंदूक घेऊन फिरलो, तिथे आज दुकान कसं टाकायचं? या प्रश्नावर काम करणं म्हणजे तुमच्या मुलीला हवं असलेलं क्षेत्र.

आता राजकारणाचं. 'पडणार नाही' असं मी तुम्हाला लिहून देणार नाही. निवडणुकीला उभं राहणं ही एक गोष्ट झाली. पण कुणाला किती मिळालं आणि ते कुणी ठरवलं, यापासून सुटका नाही. तुमच्याच तालुक्यातलं किल्लारी घ्या. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर 52 गावं उठवून नव्या जागी वसवली. घर केवढं, ते जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि अगदी लहान शेतकऱ्याला 250 चौरस फूट, मधल्याला 450, मोठ्या शेतकऱ्याला 750. भूकंपानं घरं पाडताना सातबारा पाहिला नव्हता, बांधताना मात्र तो पाहिला गेला. बरोबर होतं की चूक? मला ते चूक वाटतं, पण आपल्या मोठ्या वाड्याच्या बदल्यात 250 फूट घ्यायला कोण राजी झालं असतं, हेही कळतं. तुमच्या मुलीला आयुष्यभर असल्याच पेचांत बसायचंय. त्याला राजकारणच म्हणतात.

जमीन तारण का नको? या क्षेत्रात सुरुवातीचा पगार बेताचा आणि बहुतेक नोकऱ्या कंत्राटी. 2025 मध्ये अमेरिकेनं आपली 'युसेड' ही मदतसंस्था बंद केली आणि जगभरातल्या विकासप्रकल्पांतली माणसं घरी बसली. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नशिप मिळालीच, तर ती बिनपगारी. राहायचा-खायचा खर्च आपला. यावर तीस लाखांचे हप्ते फेडायचे कसे? एजंट हे सांगत नाही, कारण त्याचं कमिशन प्रवेश झाला की सुटतं.

परदेशी जायचंच असेल तर दुसऱ्याच्या पैशानं जावं. रोटरीची शांतता शिष्यवृत्ती शिक्षण आणि राहणं दोन्हींचा खर्च उचलते, पण एम.ए.साठी आधी तीन वर्षांचा कामाचा अनुभव मागते. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा लागतो. म्हणजे काम आधी, विमान नंतर.

एम.ए.साठी तर फार लांब जायलाच नको. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची एक शाखा तुळजापूरला आहे, तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात, आणि ग्रामीण विकासाशी जोडलेलं शिक्षण हेच तिथलं वैशिष्ट्य. निव्वळ शांतता-अभ्यासच हवा असेल तर दिल्लीत जामिया मिलियाचं नेल्सन मंडेला केंद्र आहे. मला विचाराल तर तुळजापूर. पाणी, जमीन किंवा हिशेब यांतलं एक काही तरी हाताला पक्कं बसलं, की शांततेचं शास्त्र त्यावर चढवता येतं. उलटं होताना मी फारसं पाहिलेलं नाही.

त्यानंतर दोनतीन वर्षं गडचिरोलीसारख्या भागात. तिथल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद हातात होता, तरी बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडलं. त्या मधल्या दोन वर्षांत काय काय झालं, हे समजून घेणं एका सेमिस्टरच्या तोडीचं आहे.

आता दोन शब्द तुझ्याशी, बाळा. आजपासून फ्रेंच शिकायला लाग. काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक इथल्या शांतिमोहिमांत फ्रेंचवाचून अडतं. आई 'मुलीच्या जातीला हे कसं जमणार' म्हणाली, तर तिला पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाचं सांग. 2007 मध्ये तिथे संयुक्त राष्ट्रांची पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी गेली ती भारताची, आपल्या सीआरपीएफच्या बायकांची. तुझी नोकरी बंदुकीची नसेल, पण त्या बायकाही कुठल्या तरी गावातूनच गेल्या होत्या.

आणि एक काम. परीक्षा संपली की महिनाभर किल्लारीच्या बाजूच्या एखाद्या पुनर्वसित गावात रोज जा. कुणाला कितीचं घर मिळालं, तीस वर्षांत त्याला कुणी किती खोल्या जोडल्या, नळ कुणाच्या दारात आधी आला, जुन्या गावातले वाडे-वस्त्या नव्या आखणीत तशाच बसल्या का, हे एका वहीत लिही. पहिल्या आठवड्यात लोक 'पाव्हणी, कुठल्या योजनेची?' असं विचारतील. तिसऱ्या आठवड्यात भांडणं सांगायला लागतील. तिथे कंटाळा आला, तर स्पर्धा परीक्षेचा क्लास लाव, त्यात कमीपणा नाही.

दादा, वही भरली की मला पाठवा. तुळजापूरचा प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो. तो अर्ज मात्र वहीसाठी थांबवू नका, तारीख निघून जाते.