फरशीचं माप घेताना

अरे, क्षेत्रफळ कधी काढायचं आणि परिमिती कधी, हा गोंधळ सुरुवातीला सगळ्यांचाच होतो, घाबरू नकोस. फरशी बसवायची तर क्षेत्रफळ काढ: लांबी गुणिले रुंदी. भिंतीच्या कडेने स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसणारी पट्टी, लावायचं तर परिमिती: लांबी-रुंदीची बेरीज करून दुप्पट. 12 बाय 10 ची खोली म्हणजे 120 चौरस फूट फरशी आणि 44 फूट स्कर्टिंग, त्यातून दाराचे 3 फूट वजा. खोली चौरस असेल तर बाजूचा वर्ग आणि बाजूची चौपट, झालं.

खरी चूक इंचांत होते. टेपवर 10 फूट 6 इंच आले की नवीन पोरं सरळ 10.6 लिहितात. फूट 12 इंचांचा असतो रे, म्हणून ते 10.5! आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंती मोज. जुन्या घरात त्या क्वचितच सारख्या भरतात.