‘नियुक्तीचा अधिकार’ की ‘नेमणुकीचा’?

एका वाचकाने विचारले आहे की मृत्युपत्रातील ‘पॉवर ऑफ अपॉइंटमेंट’ला, म्हणजे आपली मालमत्ता पुढे कोणाला मिळावी हे ठरवण्याचा जो अधिकार मालक दुसऱ्याला देतो त्याला, ‘नियुक्तीचा अधिकार’ म्हणावे काय, आणि तो ज्याच्या हाती आहे त्याच्या धनकोंना त्या मालमत्तेवर हक्क सांगता येतो काय.

‘नियुक्तीचा अधिकार’ हा प्रयोग अनुवादांत इतक्यांदा भेटतो की तो दिसताच पान मिटावेसे वाटते. नियुक्ती होते ती माणसाची, एखाद्या पदावर. येथे मालमत्ता कोणाला मिळावी हे ठरवायचे आहे. (येथे ‘मुखत्यारपत्र’ लिहिणाऱ्यांविषयी न बोललेले बरे.) ‘नेमणूक’ हे ‘नियुक्ती’चेच घरगुती रूप आहे असे समजणाऱ्या परिभाषाकारांनी जुने कागद चाळले असते, तर पेशवाईत नेमणूक म्हणजे एखाद्याला ठरवून दिलेली वार्षिक रक्कम असाही अर्थ होता, हे त्यांना दिसले असते. म्हणजे पैसा नेमून देण्याची सोय मराठीत आधीपासूनच होती.

‘नेमणे’च्या मुळाशी ‘नेम’ आहे आणि ‘नेम’ हा संस्कृत ‘नियम’चा तद्भव आहे. व्रताचा नेम आणि बाणाचा नेम हे दोन निराळे शब्द मानणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. ‘नियम’ म्हणजे आवरणे. मन आवरले की व्रत होते आणि नजर एका जागी आवरली की लक्ष्य सापडते. ‘नेमका’ हा शब्दही याच घरचा. हे लक्षात घेतले की कायदाही सोपा होतो, कारण संपत्तीचा मूळ मालक धनुष्य दुसऱ्याच्या हाती देतो आणि नेम कोणावर धरायचा एवढेच त्या दुसऱ्याने ठरवायचे असते. लक्ष्य ठरावीक मंडळींपुरतेच बांधून दिलेले असेल आणि त्यांत तो स्वतः नसेल, तर त्याच्या धनकोंच्या हाती काही लागत नाही, कारण ती मालमत्ता कधी त्याची नव्हतीच. स्वतःवरही नेम धरण्याची मोकळीक असेल, तरच वाद उभा राहतो.

इंग्लंडच्या न्यायपरंपरेचा येथला निवाडा मोठा मासलेवाईक आहे. अशी मोकळीक असलेल्याने मोबदला न घेता ती मालमत्ता तिसऱ्याला नेमून दिली, तर धनकोंना ती वाटेतच अडवता येते, असे तेव्हाचे लॉर्ड चॅन्सेलर (तिथले वरिष्ठ न्यायाधीश) लॉर्ड हार्डविक यांनी १७५० मध्ये ठरवले. पण अधिकार न वापरताच तो मेला, तर धनकोंनी हात चोळत बसावे. बाण सुटला तरच तो अडवायचा, भात्यात राहिला तर नाही!

भारताच्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० बाण सुटण्याची वाट पाहत नाही. ऋणकोला ज्या मालमत्तेवर स्वतःच्या फायद्यासाठी वापरता येईल असा विल्हेवाटीचा अधिकार आहे, तीही जप्तीयोग्य आहे, असे ते म्हणते. ‘विल्हेवाट’ हा शब्द आपण अलीकडे केवळ कचऱ्यासाठी राखून ठेवला आहे, पण त्याविषयी पुन्हा केव्हातरी.